काहीही हरकत नाही

"तू बस खाली. ही बैठक नागरिकांची आहे."

सर म्हणाले. माइकवर म्हणाले. सोसायटीचा हॉल गच्च भरलेला, वर पंखे गरगरतायत, समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा नकाशा. नकाशावर एक गुलाबी पट्टी. ती पट्टी नेमकी कशावरून जाते ते अख्ख्या हॉलमध्ये फक्त मला दिसत होतं. कारण ज्या ओढ्याला चिकटून ती वळली होती, त्याच ओढ्याच्या काठावर माझं घर आहे.

मी उभी राहिले होते. एवढंच म्हणाले होते, "सर, हा रस्ता आमच्या वस्तीतून जातोय."

कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही. या लोकांत मोठ्यानं हसत नाहीत, नाकातून हसतात. पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीच्या कानाला लागल्या, "अहो, ही ती टायपिंगवाली. हिची आई आमच्याकडे होती भांड्यांना." सरांनी माइकवर हात ठेवला, पण पुरता ठेवला नाही, त्यामुळे पुढचंही सगळ्यांना ऐकू गेलं. "आणि बाहेर चहा आलाय का बघ जरा."

खोटं कशाला बोलू? मी बघायला गेले. पाय सवयीनं दाराकडे चालले. चहा आला होता. मी कपाचे ट्रे आत आणून ठेवले. पहिला कप सरांच्या हातात दिला. त्या कपाची लाज मला आजही वाटते, सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त वाटते. ते बोलले ते त्यांचं. चहा नेऊन दिला तो मी.

आता पहिल्यापासून सांगते.

मी पुण्यातल्या धायरीची. धायरी म्हणजे आता सगळ्या सोसायट्याच, पण ओढ्याकाठी आमची वस्ती त्यांच्या आधीपासून आहे. वस्तीत विहार आहे, विहारावर निळा झेंडा आहे. त्यामुळे आम्हाला कुणी जात विचारत नाही, लांबूनच दिसते. आई सोसायट्यांमध्ये धुणंभांडी करायची. मी बारावी झाले, डीटीपी शिकले आणि सिंहगड रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंगला लागले. अजून तिथेच आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार, दशक्रियेची पत्रकं, सगळं माझ्या बोटांखालून जातं.

सर मला शाळेत मराठीला होते. मूळचे पेठेतले, नंतर इकडे फ्लॅट घेतला. नववीत असताना एकदा त्यांनी मला धडा वाचायला उभं केलं. मी वाचलं, "पानी". त्यांनी थांबवलं. "पाणी म्हण." मी म्हटलं, पानी. वर्ग हसला. सर म्हणाले, "जीभ जड आहे तुमची. पुन्हा." तास संपेपर्यंत मी उभी होते. पाणी, पाणी, पाणी. शेवटी जमलं. मग घरी रोज म्हणायला लागले. ओढ्यावर जाऊन म्हणायचे, नळावर रांगेत म्हणायचे. वर्षअखेरीला सरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. "बघा, किती स्वच्छ बोलते. तुमच्यातली वाटतच नाहीस गं तू."

हे मी घरी उड्या मारत सांगितलं. बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि भाकरी उलटली. काही बोलली नाही. ती का बोलली नाही हे कळायला मला वीस वर्षं लागली.

सर रिटायर झाले आणि त्यांनी नागरिक मंच काढला. मंचाचं चार पानी वार्तापत्र निघायचं, महिन्याला एक. प्रभागात काय चाललंय ते सगळं त्यात. गुरुवारी पाणी बंद. मिळकतकर भरायची मुदत. ड्रेनेजच्या कामासाठी अमुक गल्ली बंद राहील, वाहनचालकांनी पर्यायी मार्ग वापरावा. झाडांच्या फांद्या छाटणार, लसीकरण शिबिर, मतदारयादीत नाव बघून घ्या. सर दुकानात आले आणि म्हणाले, "तुझ्याशिवाय हे कोण करणार? शुद्धलेखन येणारी पोरगी तू एकटीच."

मला आभाळ ठेंगणं झालं.

पाच वर्षं केलं मी ते. नुसतं टायपिंग नाही. सर पेपरातली कात्रणं आणून द्यायचे, मी त्याच्या बातम्या करायचे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन फळ्यावरच्या नोटिसा उतरवून आणायचे. चौकटी मी आखायचे, मथळे मी द्यायचे. "गुरुवारी पाणी बंद" असं मी कितीतरी वेळा टाइप केलं, त्यातला ण एकदाही चुकला नाही. आमच्या वस्तीच्या नळाला गुरुवार काय आणि शुक्रवार काय, पाण्याची बोंबच. पण ती बातमी त्यात कधी आली नाही. एकदा मी टाकली होती, चार ओळी. सरांनी प्रूफवर लाल पेननं काट मारली. "हे स्थानिक झालं. आपल्या वाचकांना यात काय?" मला पटलं. खरंच पटलं! आपले वाचक म्हणताना सर मला त्या 'आपल्या'त धरतात, एवढंच मी ऐकलं.

शेवटच्या पानावर संपादक मंडळ छापलेलं असायचं. सात नावं. त्यातल्या दोघांनी वार्तापत्र कधी उघडून बघितलं नसेल. माझं नाव नव्हतं. मला हरकत नव्हती.

प्रूफ दाखवायला सरांच्या घरी जायचे. काकू चहा द्यायच्या. कोरोनाच्या दिवसांत सगळ्यांनाच कागदी कप होते, त्याचं काही नाही. नंतर कोरोना गेला, बाकीच्यांचे कप पुन्हा चिनीमातीचे झाले. माझा कागदीच राहिला. काकू स्वतःहून म्हणायच्या, "विसळायची कटकट नको गं." मी म्हणायचे, हरकत नाही काकू. मी प्रत्येक गोष्टीला हरकत नाहीच म्हणायचे. पुण्यात दिवसातून शंभर वेळा म्हणतात ते, शिष्टाचार आहे. पण आमच्या वस्तीत असं कुणी म्हणत नाही. आमच्यात म्हणतात, "चालंल की" नाहीतर "नाय चालायचं". हरकत नाही हे मी सरांकडून उचललं होतं, त्या ण सारखंच.

एके दिवशी सरांनी एक कात्रण दिलं. जाहीर नोटीस होती, बारीक टायपातली. सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक, येथून नियोजित जोडरस्ता. नागरिकांनी हरकती व सूचना मुदतीत लेखी द्याव्यात. मी चौकट केली. मथळा दिला, 'जोडरस्त्याबाबत हरकती व सूचना मागवल्या'. प्रूफ घेऊन गेले. सरांनी चौकटीवर काट मारली.

"जागा नाही. पुढच्या अंकात बघू."

"सर, मुदत आधी संपेल."

"अगं, पेपरात आलंय ना. ज्यांना गरज आहे ते वाचतात पेपर." मग जरा थांबून म्हणाले, "तिथे श्वान नोंदणीची बातमी घे. खूप जण विचारतायत."

घेतली. कुत्र्यांना जागा मिळाली.

त्यानंतर आठवड्याभरात सरांनी एक पत्राचा मसुदा आणला. सदर सर्व्हे नंबरमधून जाणाऱ्या जोडरस्त्यास आमची काहीही हरकत नाही, उलट हा रस्ता लवकरात लवकर व्हावा ही विनंती. खाली नाव, पत्ता, सही. मी टाइप केलं. "काहीही" मध्ये ही दीर्घ आहे ना ते तपासलं. दोनशे झेरॉक्स काढल्या. सोसायट्यांमध्ये वाटून, सह्या घेऊन गठ्ठा पुन्हा दुकानात आला. सरांनी वरची एक कोरी प्रत माझ्यापुढे सरकवली.

"तूही कर सही."

"मी?"

"का? तू नागरिक नाहीस?"

आता ऐका. एवढी वर्षं ज्या शब्दाच्या मंचाचं पत्रक मी जुळवत होते, तो शब्द पहिल्यांदा कुणीतरी मला लावला होता. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तरी मी विचारलं. एवढं तरी विचारलं! "सर, कुठला रस्ता हा?"

"अगं, तो मागच्या बाजूचा."

मागच्या बाजूचा म्हणजे मला वाटलं टेकडीकडचा. आमच्या दारातून बघितलं की मागे टेकडीच आहे. सरांच्या गॅलरीतून बघितलं की मागे काय आहे, ते मला तेव्हा सुचलं नाही. त्यांच्या मागच्या बाजूला आम्ही आहोत. आमचं तोंड म्हणजे त्यांची पाठ. सर खोटं बोलले असं कोर्टातही सिद्ध होणार नाही. पुणेरी माणूस खोटं बोलत नाही, बेतानं खरं बोलतो.

आणि सर्व्हे नंबर? तुम्ही म्हणाल, स्वतः टाइप केलंस आणि कळलं नाही? नाही कळलं. आम्हाला आमची जागा सर्व्हे नंबरनं माहीतच नाही. लाइटबिलावर 'ओढ्याकाठची वस्ती, विहाराजवळ' एवढंच असतं. रेशनकार्डावर तेच. सातबारा ज्यांच्याकडे असतो त्यांना नंबर पाठ असतात. आम्हाला हौसाआत्याची पायरी, नळाचा कट्टा, चिंचेचं वळण एवढंच पाठ. माझ्या बोटांखालून माझं घर गेलं, आणि मी ऱ्हस्वदीर्घ बघत बसले होते.

सही केली. नाव वळणदार लिहिलं. पत्त्याच्या जागी लिहिलं, ओढ्याकाठची वस्ती, धायरी. सरांनी ती प्रत नीट बघितली आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली.

त्याच दिवसांत वस्तीत लाल रंगाचे ठिपके दिसायला लागले. दोघं जण आले, दगडांवर, विजेच्या खांबावर, हौसाआत्याच्या पायरीवर रंग मारून गेले. विचारलं तर म्हणाले, आम्हाला काय माहीत, सांगितलंय तेवढं करतो. हौसाआत्या म्हणजे आमच्या शेजारची म्हातारी, सगळ्या वस्तीची आत्या. ती संध्याकाळी माझ्याकडे आली.

"ए, तू त्या हापिसात जातीस ना. ह्ये काय लाल लाल?"

मी काय म्हणाले सांगू? शब्दन् शब्द लक्षात आहे. मी म्हणाले, "आत्या, काही असतं तर वार्तापत्रात आलं असतं. मीच तर टाइप करते."

ती निवांत झाली. तिनं घरोघरी सांगितलं. आपली पोरगी तिथं बसलेली हाय, काय असतं तर तिला आदी कळलं असतं. दोघं तिघं पोरं क्षेत्रीय कार्यालयात चौकशीला निघाली होती, ती माझ्या शब्दावर परत फिरली. आणि मुदतीचे दिवस एकेक करून निघून गेले.

मग तो हॉल, तो नकाशा, तो चहा. रस्ता मंजुरीच्या वाटेवर आहे म्हणून मंचानं आनंदमेळावा ठेवला होता. मेन रोडला जायला वीस मिनिटांचा वळसा पडायचा, आता पाच मिनिटांत जाल, असं सर सांगत होते. टाळ्या पडत होत्या. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे, ती नुसती औपचारिकता, आपण कुणी यायची गरज नाही, मंचातर्फे मी जाईन, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारली. क्षेत्रीय कार्यालयात गेले. तिथला क्लार्क मला ओळखायचा, नोटिसा उतरवायला जायचे ना. मी म्हटलं, वस्तीतून हरकत द्यायची आहे. त्यानं कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मुदत संपली होती. मी म्हटलं, अहो, वस्तीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "असं कसं, वस्तीतून पत्र आलंय की." फाइल माझ्यापुढे फिरवली.

सगळ्यात वर माझं पत्र. त्याच्या मागे मंचाचं एक पत्र टाचलेलं, हे मात्र मी टाइप केलेलं नव्हतं. दुसरीकडून करून घेतलं होतं. 'ओढ्याकाठच्या वस्तीतील सुशिक्षित प्रतिनिधीनेही वस्तीच्या वतीने रस्त्यास पाठिंबा दर्शवला असून त्यांचे पत्र सोबत जोडले आहे.'

'दर्शवला' मधला रफार चुकलेला होता. काय मन असतं बघा माणसाचं! पायाखालची जमीन सरकलेली, आणि मला रफार दिसला.

"मॅडम, सही तुमचीच आहे ना?" क्लार्क म्हणाला. साधेपणानं विचारलं त्यानं. त्याचा काही दोष नव्हता.

माझीच होती.

केसानं गळा कापणं असं आपण म्हणतो. मी लिहिलंही असेल कुठल्यातरी निबंधात, सरांनी शाबासकीही दिली असेल. अर्थ त्या टेबलापाशी कळला. बाहेर येऊन पायरीवर बसले. या माणसाला मी वडिलांच्या जागी मानत होते. त्यानं मला वीस वर्षं शिकवून, घासूनपुसून, शेवटी शिक्क्यासारखं वापरलं. शुद्ध बोलणारी, वळणदार सही करणारी, वस्तीतली एक बाई त्याला हवी होती. ती त्यानं नववीतच निवडून ठेवली होती असं नाही म्हणत. पण हाताशी होती, वापरली.

वस्तीत येऊन सगळं सांगितलं. विहारापुढे सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं. लपवलं असतं तर लपलं असतं कदाचित. सही माझी, पत्र माझं, मुदत गेली तीही माझ्यामुळे. मग हौसाआत्या बोलली. माझ्याकडे न बघता बोलली.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दुसरं काय."

मी आईकडे बघितलं. वाटलं, आई तरी म्हणेल, पोरीला फसवलं. आई म्हणाली, "मी त्येंची उष्टी काडली जलमभर. पन कुटं आंगठा न्हाई दिला."

त्या दोघींचं खरं होतं. फसवलं मला हे खरं, पण फसायला मी आवडीनं गेले होते. तुमच्यातली वाटत नाहीस, हे ऐकायला मिळावं म्हणून मी पाच वर्षं त्यांच्या उंबऱ्यावर प्रूफं घेऊन उभी होते.

सरांकडे गेले. दार काकूंनी उघडलं. सर गॅलरीत पेपर वाचत होते. तिथून आमची वस्ती दिसते. पत्रे दिसतात, निळा झेंडा दिसतो. मी पहिल्यांदाच त्या गॅलरीत उभी राहिले होते, एरवी हॉलच्या पुढे कधी गेले नव्हते.

"सर, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी पेपर घडी केला. "हे बघ, भावनेच्या भरात बोलू नकोस. शहर वाढतं तेव्हा कुणाला तरी थोडं सरकावं लागतं. तुम्हाला कुठेतरी पक्की घरं मिळतील."

"कुठे?"

"मिळतील गं. महापालिका बघेल."

"माझी सही वस्तीच्या नावावर का लावली?"

"तूच पत्ता लिहिलास."

बरोबर. मीच लिहिला. पत्ता विचारला तर दुसरा कुठला लिहिणार?

मग सरांनी आवाज मऊ केला. शाळेत पाठ थोपटताना करायचे तसाच. "तुझं मी काही नुकसान होऊ देईन का? तुला पुढच्या महिन्यापासून मंचाची सभासद करून घेऊ. संपादक मंडळात नाव टाकू. वस्तीतली पहिली. तुझी काही हरकत नाही ना?"

काकू चहा घेऊन आल्या. आणि खोटं सांगत नाही, चिनीमातीचा कप होता. निळी फुलं होती त्याच्यावर. तो कप बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. एवढ्यात घेणार होते मला. एक कप आणि एक नाव, आठव्या क्रमांकावर. त्याच्या बदल्यात आईचं घर, आत्याची पायरी, नळाचा कट्टा, विहार.

"हरकत आहे," मी म्हणाले.

सरांना ऐकू आलं नाही बहुतेक. किंवा आलं आणि खरं वाटलं नाही. "काय म्हणालीस?"

"मला हरकत आहे, सर. सगळ्यालाच आहे. काट मारलीत त्याला आहे. मागच्या बाजूचा म्हणालात त्याला आहे. हॉलमध्ये बस म्हणालात त्याला आहे. तुमच्यातली वाटत नाहीस म्हणालात ना नववीत, त्यालासुद्धा आहे."

"मी शिकवलं तुला," सर म्हणाले. चेहरा लाल झाला होता. "हे उपकार विसरलीस?"

"शिकवलंत म्हणून तुमची फाइल वाचता आली."

चहा तसाच ठेवून निघाले.

घरी येऊन एक गोष्ट डोक्यात आली, आणि ती मंचाच्या एकाही हुशार माणसाच्या डोक्यात आली नव्हती. सुनावणी कुणाची होते? ज्यांनी मुदतीत लेखी काही दिलंय त्यांची. आमच्या अख्ख्या वस्तीतून मुदतीत एकच कागद गेला होता. माझा. म्हणजे त्या दालनात वस्तीतर्फे तोंड उघडायचा हक्क असलेली मी एकटीच होते. ज्या सहीनं मी सगळ्यांना बुडवलं, तीच सही हातात होती, दुसरं काहीच नव्हतं.

दुपारी बसून नवं पत्र लिहिलं. एकटीनं नाही लिहिलं. विहारात बसले, एकेक वाक्य सगळ्यांना विचारून कागदावर उतरवलं, मग मोठ्यानं वाचलं. हौसाआत्याची सून दहावी झालेली आहे. आत्यानं तिला माझ्या शेजारी बसवलं. "ही वाचती त्येच लिव्हतीय का बघ." माझ्या तोंडावर म्हणाली. बरोबर केलं तिनं. सुनेनं बोट फिरवत ओळ न् ओळ तपासली. पत्रात सर्व्हे नंबर टाकला आणि त्याच्यापुढे लिहिलं, म्हणजे विहार, नळाचा कट्टा, चिंचेचं वळण आणि पुढील घरे. मग सगळ्यांनी नावं लिहिली. आईनं अंगठा दिला. पहिला.

सुनावणीच्या दिवशी दालनात मंचाचे चौघं होते. सर माझ्याकडे बघत नव्हते. अधिकाऱ्यांनी यादीतून माझं नाव वाचलं आणि पुढे जायला लागले. "पाठिंबा आहे ना? मग नोंद आहे."

मी उभी राहिले. "साहेब, ही सही माझी आहे. पत्र मी टाइप केलंय. मजकूर यांचा आहे, आणि रस्ता कुठून जातो हे मला सांगितलं नव्हतं. वस्तीच्या वतीनं सही करायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. मी ती सही मागे घेते."

सर म्हणाले, "आपण तांत्रिक मुद्द्यांवर बोलू या."

अधिकारी म्हणाले, "मुदतीनंतर भूमिका बदलता येत नाही, बाई."

"बदलत नाही साहेब. भूमिका आज पहिल्यांदा घेतेय."

मंचातला एक जण मागून म्हणाला, "या लोकांना शिकवलं की हे असं होतं." हळू म्हणाला, पण म्हणाला. मी सरांकडे बघितलं. जन्मभर मराठीचा मास्तर होता तो माणूस. चुकीचा शब्द ऐकला की ताबडतोब थांबवायचा. त्यानं थांबवलं नाही. ऱ्हस्वदीर्घ बरोबर होते बहुतेक.

मला शिव्या द्यायच्या होत्या. वस्तीतल्या, ओढ्यावरच्या, खणखणीत. नाही दिल्या. नवं पत्र पुढे केलं. "ह्ये घ्या. आमचं पानी, आमची घरं, समदं लिवलंय यात." असंच म्हणाले, मुद्दाम. जीभ जड करून म्हणाले. अधिकाऱ्यांनी पत्र उलटसुलट बघितलं. पंचवीस घरं, विहार, नळ, यातलं काही मंचाच्या कागदात नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं आणि जागेची पाहणी व मोजणी करून अहवाल द्यावा असा शेरा मारला. मी आवक विभागात जाऊन शिक्का मारून पोच घेतली.

जिंकलो नाही आम्ही. कुणी तसं समजू नये. रस्ता अजून कागदावर आहे. सरांच्या वार्तापत्राला दुसरी मुलगी मिळाली. पुढच्या अंकात आलं, 'काही घटकांकडून विकासात अडथळा'. घटक म्हणजे मी. आणि वस्तीनं मला माफ केलेलं नाही. हौसाआत्या बोलते, पण आधी सुनेकडे बघून मग बोलते. मला ते चालतं. माफी मागून घर वाचत नाही.

मी आता सोमवारी आणि गुरुवारी फळ्यावरच्या नोटिसा उतरवून आणते आणि विहारापुढे मोठ्यानं वाचते. सर्व्हे नंबर आला की घरांची नावं घेऊन सांगते. सून कागद धरून शेजारी उभी असते. काही कळलं नाही तर पुन्हा वाचायला लावतात, आणि मी वाचते. मात्र वस्तीच्या नावानं एकटीनं सही पुन्हा करणार नाही. कितीही मोठ्या माणसानं, कितीही गोड बोलून कागद सरकवला तरी नाही.

काल मोजणीची नोटीस लागली, पण घरांच्या मोजणीची नाही, रस्त्याच्या रुंदीची. सोमवारी सकाळी टेप घेऊन येणार आहेत. नोटीस मी वाचून दाखवली. पहिलं माप आमच्या उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत, असं त्यात लिहिलंय. आई म्हणाली, मंग काय करायचं? मी तिला सांगितलं. टेप ताणायला दोन टोकं धरावी लागतात. ओढ्याकडचं टोक त्यांनी खुशाल धरावं. उंबऱ्यावरचं टोक धरायला माणूस आला की त्याला आधी मला उचलावं लागेल, मग तुला, मग आत्याला, आणि मग मागं रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला.